चौथीच्या वर्गासाठी बोटांचे ठसे : प्रयोग आणि गोष्ट एकत्र कसे गुंफावेत?

रानजाई

नमस्कार मंडळी. चौथीच्या वर्गासाठी ठशांचा उपक्रम आखते आहे. पट ४०, ३५ मिनिटांच्या दोन तासिका सलग.

पहिल्या तासिकेत प्रत्येकाने पेन्सिलीचं शिसं आणि चिकटपट्टी वापरून आपले ठसे कार्डावर घ्यायचे. दुसऱ्या तासिकेत 'डब्यातला लाडू कोणी नेला?' असा खेळ. एका कागदावर स्टॅम्पपॅडने उठवलेला 'चोराचा' ठसा, सोबत पाच संशयितांची कार्डं. ठसा जुळवायचा आणि मग त्यावर गोष्ट लिहायची.

अडचणी अशा :

१. एकाच बोटाचा स्टॅम्पपॅडवरचा ठसा आणि कार्डावरचा ठसा शेजारी ठेवले तर जुळत नाहीत. वेगळ्याच माणसाचे वाटतात.
२. बरेच ठसे नुसते काळे गोळे येतात.
३. मुलांच्या गोष्टीत चोर तिसऱ्या वाक्यात सापडतो. पुढे काही उरतच नाही.
४. मुलं घरून 'शंख-चक्र' (बोटांवरच्या नक्षीची नावं, जिच्यावरून भविष्य सांगतात) ऐकून येतात. ते शब्द वर्गात वापरावेत का?

---

निळीशाई

काळ्या गोळ्यांचं आधी सांगते. ठशात दिसतात ते वरंबे, आणि मधल्या पांढऱ्या रेघा म्हणजे सऱ्या. शेतातल्या सरी-वरंब्यासारखंच. शिसं फक्त वरंब्याच्या माथ्यावर बसायला हवं. सरीत उतरलं की गोळा. लहान मुलांचे वरंबे मोठ्यांपेक्षा बारीक आणि जवळजवळ असतात, म्हणून मोठ्यांच्या बोटाला चालणारं शिसं त्यांच्या बोटाला जास्त होतं.

पद्धत :

- पाठकोऱ्या कागदावर ३ सेंमी चौकोन गडद गिरवायचा. २बी किंवा ४बी पेन्सिल चांगली. एचबीने कितीही घासलं तरी फिकट येतं.
- बोट कोरडं पुसून चौकोनावर हलकेच दोनदा घासायचं. मग दुसऱ्या कोऱ्या कागदावर एकदा टेकवून जादाचं शिसं झटकायचं. ही पायरी सगळे वगळतात आणि गोळे तिथेच होतात.
- २४ मिमी रुंदीची पारदर्शक चिकटपट्टी, ३ सेंमी तुकडा. बोटावर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने मधून कडांकडे दाबायचं. घासायचं नाही.
- एका कडेने सावकाश सोलून पांढऱ्या कार्डावर लावायची.

घाम येणारी मुलं असतील तर आधी हाताला चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून पुसून टाका.

---

आकडेमोड

चिकटपट्टीचा हिशोब : ४० मुलं, १० बोटं, ३ सेंमी तुकडा, म्हणजे १२ मीटर. ६५ मीटरचं एक मोठं रीळ भरपूर झालं. खरी अडचण वेळेची. एका बोटाला एक मिनिट धरलं तर जोडीतल्या दोघांची वीस मिनिटं त्यातच जातात, आणि तुकडे कापायला कात्र्या पुरत नाहीत. तुकडे आदल्या दिवशी कापून प्लॅस्टिकच्या पट्टीच्या कडेला लावून ठेवा. एका पट्टीवर दहा, एका मुलाला एक पट्टी.

---

कंपासपेटी

पहिल्या अडचणीचं कारणही दाबच असणार. स्टॅम्पपॅडवर मुलं जोर देतात, कातडी पसरते आणि आकार बदलतो. हलक्या हाताने घेतलेत की जुळतील.

---

दहिवर

वाचते आहे. तिसरीच्या वर्गासाठी हवंच होतं.

---

ठसेदार

कंपासपेटी, दाबाने ठसा पसरतो हे बरोबर, पण रानजाईंच्या अडचणीचं कारण दाब नाही. त्यांचे दोन ठसे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत.

बोट शाईत बुडवून कागदावर टेकवलं की कागदावर उलटं चित्र येतं, रबरी शिक्क्यासारखं. चिकटपट्टीत मात्र शिसं थेट बोटावरून पट्टीला लागतं आणि आपण ते पट्टीच्या पाठीकडून पाहतो. म्हणजे बोट डोळ्यांसमोर धरल्यावर जसं दिसतं तसंच. एक सुलट, एक उलट. वर्तुळाकार ठशात फरक चटकन लक्षात येत नाही, पण दोरीच्या फासासारख्या वळणाचा ठसा एकात उजवीकडे उघडतो आणि दुसऱ्यात डावीकडे.

पडताळून पाहा. उजव्या हाताची बहुतेक फासाकार वळणं करंगळीच्या बाजूला उघडतात. शाईच्या ठशात ती उजवीकडे उघडलेली दिसतील, चिकटपट्टीच्या ठशात डावीकडे.

उपाय तीन. सगळे ठसे एकाच पद्धतीने घ्या. किंवा चिकटपट्टी कार्डाऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकवर लावा आणि ते पलटून पाहा, ठसा शाईच्या ठशाशी जुळेल. नाहीतर कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून तो आडवा उलटवा.

एक गंमत : पेल्यावर पडलेला ठसा भुकटीने उठवून चिकटपट्टीने उचलला, तर तो शाईच्या ठशाशी थेट जुळतो. तिथे पट्टी बोटाला लागत नाही, पेल्याला लागते. पेल्यावरचा ठसा आधीच एकदा उलटलेला असतो.

---

कंपासपेटी

पटलं. ओळ मागे घेतो. हे मुलांना सांगून टाकण्यापेक्षा त्यांना शोधायला द्यावं. एकाच बोटाचे दोन ठसे हातात द्यायचे आणि विचारायचं, 'हे दोन माणसांचे की एकाचे?' वर्गात एक आरसा ठेवला की झालं.

---

रानजाई

ठसेदार, अगदी हेच! दोन्ही ठसे शेजारी ठेवून पाहिले, वळण खरंच विरुद्ध बाजूंना आहे. कंपासपेटींची कल्पना उचलते. अडचण होती तोच आता धडा होईल.

---

खडूफळा

स्टॅम्पपॅड वापरणारच असाल तर बोट टेकवायचं नाही, लोळवायचं. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकदाच, मागे न फिरवता. अंगठा अंगाच्या दिशेने लोळवायचा, बाकीची बोटं अंगापासून बाहेर. त्या दिशेने मनगट आपसूक सैल फिरतं. मूल स्वतः लोळवायला गेलं की बोट ताठ होतं, म्हणून जोडीदाराने बोट धरून फिरवायचं आणि ठसेवाल्याने हात ढिला सोडून दुसरीकडे पाहायचं. कार्ड टेबलाच्या कडेला ठेवा. टेबल उंच पडलं तर मुलांना उभं करा.

शाई दोन दिवस जात नाही अशी पालकांची तक्रार येते. आधी खोबरेल तेल चोळून कापडाने पुसायचं, मग साबण. उलट क्रमाने केलं तर शाई पसरते.

---

मोरपीस

आता गोष्टीचं. चोर तिसऱ्या वाक्यात सापडतो, कारण आपण मुलांना सांगतो की 'ठसा जुळला की चोर सापडला.' विज्ञानातही हे खरं नाही. ठसा इतकंच सांगतो की इथे या बोटाचा स्पर्श झाला. कधी झाला, कशासाठी झाला, हे सांगत नाही. लाडू खाल्ला हे तर मुळीच सांगत नाही. गोष्टीला जागा नेमकी इथे आहे.

लिहिण्याआधी मुलांना एक नियम द्या : तीन संशयित, आणि प्रत्येकाला वगळायला वेगळं कारण.

- पहिला संशयित ठशाच्या प्रकारावरून सुटतो. डब्यावर चक्र आहे, याच्या दहाही बोटांवर एकही चक्र नाही.
- दुसऱ्याचा प्रकार जुळतो, पण बारकावा जुळत नाही. डब्यावरच्या ठशात मधल्या रेघेला फाटा आहे, याच्या रेघेला नाही.
- तिसऱ्याचा ठसा पूर्ण जुळतो, तरीही लाडू त्याने घेतलेला नाही. मग ठसा तिथे आला कसा?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे गोष्टीचा उत्तरार्ध. उदाहरणादाखल चौथीच्या पातळीचा एक उतारा लिहून देते :

'डब्याच्या झाकणावर तुपाचा ठसा होता. भिंगातून बघितलं तर त्यात चक्र. चक्राच्या पोटात एक रेघ फुटून दोन झालेली. सगळे आजीकडे बघायला लागले. आजी हसली. म्हणाली, "अरे, लाडू वळले कोणी? मग डबा भरला कोणी?" ठसा आजीचा होता, पण मग लाडू गेला कुठे? तेवढ्यात मिनूला झाकणाच्या आतल्या बाजूला दुसरा ठसा दिसला.'

आतली बाजू बघायचं सुचलं की मूल पुरावा वाचायला लागलं असं समजा. बाकी भाषा वगैरे नंतर नीट करता येते.

---

दहिवर

मोरपीस, 'झाकणाच्या आतल्या बाजूला' वाचून मलाच पुढचं वाचायचं झालं. लाडू शेवटी कोणी खाल्ला?

---

मोरपीस

ते तुमच्या तिसरीच्या वर्गाने ठरवायचं!

---

कोरडवाहू

तुपाचा ठसा नुसत्या डोळ्यांना दिसतो, तेव्हा सुरुवातीला तोच बरा. न दिसणारे ठसे उठवायचे असतील तर :

पांढऱ्या चिनी मातीच्या बशीवर कोको पावडर, काळ्या गुळगुळीत फरशीवर कॉर्नफ्लोअर. टाल्कम पावडर टाळा, ती श्वासातून आत जाते. ब्रश मऊ हवा, चित्रकलेचा जाड गोल किंवा गालांना रंग लावायचा. ब्रशच्या टोकाला चिमूटभर भुकटी घेऊन ती झटकायची आणि दांडी दोन बोटांत फिरवत टोक जेमतेम टेकेल असं चालवायचं. रंग दिल्यासारखं फासलं की ठसा पुसलाच. जादाची भुकटी तोंडाने फुंकू देऊ नका, श्वासातल्या ओलाव्याने ती चिकटते. बशी तिरकी धरून मागून टिचकी मारा.

ठसे न उठण्याचं मोठं कारण म्हणजे नुकतेच धुतलेले हात. बोटांच्या टोकांना घामाची छिद्रं असतात, तेलाच्या ग्रंथी नसतात. तेल येतं ते कपाळाला, केसांना हात लागून. म्हणून ठसा सोडण्याआधी बोट कपाळावरून फिरवायला सांगा.

कोकणात किंवा पावसाळ्यात भुकटी सगळीकडेच बसते. बशी आधी कोरड्या फडक्याने पुसा आणि भुकटी उन्हात तासभर ठेवा. लाकूड, कापड, खरखरीत प्लॅस्टिक यांच्या नादी लागू नका.

---

आकडेमोड

शंख-चक्राबद्दल. शब्द वापरावेत, भविष्य वगळावं. मुलांच्या तोंडी असलेला शब्द सोडून परका शब्द कशाला द्यायचा? शंख म्हणजे दोरीच्या फासासारखं वळण, चक्र म्हणजे भोवरा, आणि तिसरी कमान, जिच्यात रेघा एका बाजूने येतात, मधे उंच होतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. ओळखायचं कसं? त्रिकोण मोजायचे. तीन दिशांच्या रेघा जिथे एकत्र येतात तिथे छोटा त्रिकोण होतो. साध्या कमानीत त्रिकोण नाही, शंखात एक, चक्रात दोन. टेकवलेल्या ठशात कडेचे त्रिकोण येतच नाहीत, म्हणून खडूफळा म्हणतात तसं लोळवणं गरजेचं.

सर्वसाधारणपणे शंख ६० ते ६५ टक्के, चक्र ३० ते ३५ आणि कमानी ५ च्या आसपास. लोकसमूहानुसार हे बदलतं. तुमच्या ४०० बोटांचा स्तंभालेख काढा. वर्गात कमानी जेमतेम वीसेक निघाल्या तर दचकू नका.

आणि मुलांना गणित आवडत असेल तर हा जुना हिशोब शिकवा. बोटांना क्रमांक द्यायचे : उजवा अंगठा १, तिथून उजवी करंगळी ५, डावा अंगठा ६, डावी करंगळी १०. फक्त चक्रांना गुण मिळतात. बोट १ आणि २ ला १६, ३ आणि ४ ला ८, ५ आणि ६ ला ४, ७ आणि ८ ला २, ९ आणि १० ला १. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक १ वर लिहायची, विषम क्रमांकाची अधिक १ खाली. समजा उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर चक्र आहे. अनामिका चौथी, सम : ८ + १ = ९. अंगठा पहिला, विषम : १६ + १ = १७. म्हणून ९/१७. एकही चक्र नसेल तर १/१, दहाही चक्रं असतील तर ३२/३२. असे ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ गट होतात. पोलिसांच्या हजारो कार्डांत एक कार्ड शोधायला सगळी कार्डं चाळावी लागायची नाहीत, ती या बेरजेमुळे.

यासाठी ठसे घ्यायचीही गरज नाही. भिंगातून बोट पाहून चक्र आहे की नाही एवढं लिहिलं तरी पुरतं.

---

ठसेदार

या पद्धतीला बंगालचे तेव्हाचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांचं नाव लागलं, पण त्यामागची गणिती मांडणी आणि वर्गीकरणाचं काम बंगाल पोलिसांतल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं होतं. १८९७ मध्ये कोलकात्यात जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झालं, लंडनच्या स्कॉटलंड यार्डात असं केंद्र १९०१ मध्ये आलं. चौथीच्या मुलांना ही दोन नावं जरूर सांगा.

गोष्टीसाठी आणखी एक खरा प्रसंग आहे. १८५८, बंगालमधलं जंगीपूर. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या मालाचा करार राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी केला आणि सहीसोबत त्याच्या पंजाचा ठसा घेतला. हेतू इतकाच की उद्या 'ही सही माझी नाही' असं त्याला म्हणता येऊ नये. मुलांना सांगा, ही गोष्ट कोनाईच्या बाजूने लिहा. हाताला शाई फासणाऱ्या साहेबाबद्दल त्याला काय वाटलं असेल? घरी जाऊन त्याने काय सांगितलं असेल?

---

निळीशाई

ही गोष्ट मलाही लिहावीशी वाटते. आणि इथून 'नि. डा. अं.' पर्यंत थेट वाट आहे. जुन्या खरेदीखतांवर 'निशाणी डावा अंगठा' असतं. घरातल्या जुन्या कागदाची झेरॉक्स फळ्यावर लावली तर मुलांना कळतं की अंगठा उठवणारा माणूसही आपली खूणच देत होता, आणि ती सहीपेक्षा पक्की होती. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द चिडवायला वापरतात, त्यावर वर्गात बोलावं असं मनापासून वाटतं.

---

खडूफळा

एक सावधगिरी. शंख-चक्र म्हटलं की काही पालक विचारतात, 'ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारी ती चाचणी हीच का?' डीएमआयटी नावाने ती विकली जाते. ठशांवरून बुद्धी, कल किंवा करिअर सांगण्याला वैज्ञानिक आधार नाही, हे पालकांच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहा. रेघा गर्भातच ठरतात, चौथ्या महिन्याच्या आसपास नक्षी बनते. जुळ्यांचे ठसेही सारखे नसतात, कारण गर्भातला दाब आणि वाढीचा वेग प्रत्येक बोटाला वेगळा असतो. त्यात हुशारीचा काही संबंध नाही.

---

कंपासपेटी

आणि कार्डांवर मुलांची नावं लिहू नका. मूल पाच वर्षांचं झालं की आधारमध्ये बोटांचे ठसे नोंदवले जातात, दहा बोटांचं नावासकट कार्ड भिंतीवर टांगणं बरं नाही. प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक, आणि शेवटी कार्ड घरी.

---

दहिवर

चौथीच्या मुलांच्या शिशाच्या ठशांना इतकी काळजी? जरा अतीच नाही का होत?

---

कंपासपेटी

दहिवर, शिशाच्या ठशाने कोणी काही करेल असं मी म्हणत नाही. पण फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात आणि तिथून कुठेही. शिवाय क्रमांकाने खेळ चांगला होतो. नाव दिसलं की मुलं ठसा न बघता नाव बघून चोर ठरवतात. हे कारण एकटंच पुरेसं आहे.

---

दहिवर

हे दुसरं कारण मान्य. क्रमांकच लिहिणार.

---

मोरपीस

ठशांची चित्रं राहिली. तिसरीला लांबलचक गोष्ट जमत नाही, त्यांना अंगठ्याच्या ठशाची पात्रं द्या. दोन ठसे जोडून मुंगी, एक आडवा ठसा म्हणजे मासा, उभा म्हणजे उंदीरमामा. पण अट अशी की अंगातली रेघ दिसली पाहिजे, तीच त्या पात्राची ओळख. पोस्टर कलरने रेघा बुजतात आणि पिवळ्यात दिसतच नाहीत. निळा किंवा हिरवा स्टॅम्पपॅड घ्या. पाय-मिशा दोन मिनिटांनी, बारीक बॉलपेनने. ओल्या शाईवर स्केचपेन फिरवलं की उंदराचं ढेकूळ होतं.

मग चौथीच्या मुलांनी तिसरीच्या पात्रांचे ठसे ओळखायचे : 'हा मासा कोणाच्या बोटाचा?' दोन वर्ग जोडले जातात.

---

कोरडवाहू

ग्रामीण शाळेत गाईला विसरू नका. गाई-बैलांच्या नाकाडावरचा ठसा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि ओळखीसाठी वापरतात. कोआला या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याचे बोटांचे ठसे तर माणसासारखेच दिसतात. गोष्टीत संशयित म्हणून कोआला आणला तर मोरपीस यांच्या नियमातला दुसरा संशयित तयारच आहे.

---

निळीशाई

फुग्याचा प्रयोग कोणीच लिहिला नाही. पांढरा फुगा, हवा न भरलेला. शाईचं बोट रुंद भागावर टेकवायचं, मानेजवळ नाही. दोन मिनिटं वाळवून शिक्षकांनी पंपाने फुगवायचा. ठसा तळहाताएवढा होतो, फाटे आणि तुटलेल्या रेघा मागच्या बाकावरूनही दिसतात. जुळवणीला मात्र तो वापरू नका, रबर सगळीकडे सारखं ताणलं जात नाही. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, लहान मुलं तोंडात घालतात.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा बदलला :

पहिली तासिका : फुग्यावर मोठा ठसा दाखवून त्रिकोण मोजणं. मग जोडीने फक्त उजव्या हाताची पाच बोटं, शिसं आणि चिकटपट्टी, पारदर्शक प्लॅस्टिकवर. उरलेल्या पाच बोटांची चक्रं भिंगातून बघून हेन्रींचा अपूर्णांक.

दुसरी तासिका : 'हे ठसे एकाचे की दोघांचे?', दहा मिनिटं. मग तुपाचा ठसा असलेलं झाकण आणि मोरपीस यांचे तीन संशयित. गोष्ट वर्गात सुरू, घरी पूर्ण.

एकच शंका उरली. वर्गातल्या एका मुलीच्या बोटांची कातडी इसबामुळे सोलते. तिचे ठसे येणार नाहीत. तिला काय काम द्यावं?

---

ठसेदार

शिसं आणि शाई तिच्या बोटांना लावूच नका. तिला ठसेतज्ज्ञ करा. झाकणावरच्या ठशातले फाटे आणि तुटलेल्या रेघा भिंगाने शोधायच्या, लाल पेनाने क्रमांक द्यायचे आणि तपासाचा अहवाल वर्गाला वाचून दाखवायचा. हे काम आलटून पालटून दर गटातल्या एकाला द्या, म्हणजे ती एकटी वेगळी पडणार नाही. भिंग तीन ते पाच पटीचं पुरे. त्याहून मोठं घेतलं तर ठशाचा एक कोपराच दिसतो आणि मूल वाट चुकतं.